गरम पाण्याच्या झऱ्यातले जीव आणि आपले आरोग्य

दरवर्षी २० मार्चला आमच्या सोमेश्वरनगर भागातून महाडला गाड्या जातात. नीरा, भोर करत वरंधा घाट उतरायचा, चवदार तळ्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि रात्री माघारी फिरायचे, हा ठरलेला क्रम. वेळ उरला तर गाडी सव गावाकडे वळते. सावित्री नदीच्या काठी तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. प्रवासाने अंग आंबलेले असते, गरम पाण्यात पाय सोडून बसले की बरे वाटते. यंदा परतताना गाडीत तीन-चार जणींच्या पिशवीत त्या पाण्याच्या बाटल्या होत्या. एकीला नातवाच्या मांडीवरच्या गजकर्णाला पाणी लावायचे होते, दुसरीला स्वतःच्या गुडघ्याला. एका आजींनी तर प्यायलाच घेतले होते. "एवढं कढत पाणी, त्यात जंतू कुठून राहणार?" असे त्यांचे म्हणणे.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तोच विषय पुन्हा निघाला. झऱ्याच्या पाण्याने कातडीचे रोग जातात का? ते पिता येते का? आणि कढत पाण्यात खरेच काही जगत नाही का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कळले की पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी होतात. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर त्या कढत पाण्यातल्या जिवांची माहिती देत आहोत.

पाणी तापते कसे?

महाराष्ट्रात असे झरे बरेच आहेत. कोकणात वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातले तुरळ, राजवाडी आणि आरवली. खानदेशात उनपदेव, तर मराठवाड्यात किनवट तालुक्यातले उनकेश्वर. यातल्या कितीतरी नावांतच ऊन आहे. बहुतेक ठिकाणी पाणी ४० ते ६० अंश सेल्सिअस गरम असते. उन्हवरेचे सर्वांत कढत, ७० अंशांच्या आसपास.

जवळजवळ प्रत्येक झऱ्याला कोणाच्या तरी बाणाची नाहीतर राक्षसाच्या रक्ताची कथा जोडलेली आहे. खरे कारण जमिनीत आहे. विहीर खणताना वरची माती गार लागते, पण खूप खोल गेले की दर किलोमीटरला खडक साधारण २५ ते ३० अंशांनी जास्त तापलेला असतो. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून दाबाने वर येते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाला जन्म देणारे ज्वालामुखी थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली, त्यांचा या झऱ्यांशी संबंध नाही. वर येताना पाणी खडकातले क्षार विरघळवून आणते. काही झऱ्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाच्या वायूचा.

कढत पाण्यात कोण राहते?

अंडे गरम पाण्यात टाकले की साठ-पासष्ट अंशांना त्याचा पांढरा बलक घट्ट होऊ लागतो. बलक म्हणजे मुख्यतः प्रथिने आणि पाणी. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आपले शरीरही प्रथिनांवर चालते, म्हणून चटका बसला की कातडी मरते. बहुतेक रोगजंतूंचेही असेच होते. दूध पाश्चराइज करताना ते ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, ते याचसाठी.

पण काही सूक्ष्मजीव असे आहेत की त्यांच्या प्रथिनांची घडी या उष्णतेतही मोडत नाही. उलट ५०, ६०, ७० अंशांनाच ते वाढतात आणि थंडीत गप्प पडतात. त्यांना उष्णताप्रेमी जिवाणू म्हणतात. झऱ्याच्या दगडावर हिरवा, नारिंगी, तपकिरी बुळबुळीत थर दिसतो ना, तो अशाच कोट्यवधी जिवांचा असतो. समुद्राच्या तळाशी, जिथे प्रचंड दाबामुळे पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही, तिथला एक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत १२२ अंशांनाही वाढला आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी उनकेश्वरच्या झऱ्यातल्या सगळ्या जिवाणूंचा डीएनए एकत्र वाचून तिथे कोण कोण राहते याचा शोध घेतला. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झाले, हे निदान पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने केले. त्या वेळी गावोगाव काय काय अफवा उठल्या होत्या, ते वाचकांना आठवत असेल.

असे जीव पाहायला लांब जायलाही नको. थंडीच्या दिवसांत सकाळी सोमेश्वरनगरच्या कोणत्याही शिवारात चक्कर मारा. कारखान्यातून आणलेल्या प्रेसमडचा किंवा शेणखताचा ढीग वाफाळताना दिसेल. त्यात हात घातला तर भाजतो. खाली कोणी जाळ लावलेला नसतो. आतले जिवाणू काडीकचरा खाताना जी उष्णता सोडतात, तिनेच ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेत साधे जिवाणू मागे हटतात आणि उष्णताप्रेमी पुढे येतात. झऱ्यातल्या थरात राहतात, त्यांच्याच जातकुळीतले हे.

मग आजार कशामुळे होतो?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. कढत पाण्यात जंतू असतात. मात्र झऱ्याचे मूळ रहिवासी सहसा आपल्याला आजारी पाडत नाहीत. ज्याला ६० अंश लागतात, त्याला आपले ३७ अंशांचे शरीर म्हणजे बर्फच.

धोका असतो तो ३७ अंशांच्या आसपास वाढणाऱ्या जंतूंचा, आणि ते माणसांसोबत येतात. झऱ्याच्या तोंडाशी पाणी ५५ अंश असले, तरी कुंडात उतरता यावे म्हणून ते निववलेले असते. अंगाला सोसेल असे ४० अंशांचे पाणी जुलाबाचे जंतू, कातडीवरची बुरशी, डोळे येण्याचा विषाणू यांना मारत नाही. सुट्टीच्या दिवशी त्याच कुंडात शेकडो माणसे उतरतात. कोणाला जखम असते, कोणाला गजकर्ण, कोणाचे लहान मूल पाण्यातच लघवी करते. पाणी वाहते नसेल तर हे सगळे तिथेच साठते.

एक दुर्मिळ पण जिवावरचा धोका सांगायला हवा. नेग्लेरिया नावाचा अमिबा कोमट, गोड्या पाण्यात राहतो आणि ४६ अंशांपर्यंत तग धरतो. पोटात गेला तर काही होत नाही. नाकातून वर गेला तर मात्र मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि मग शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण दगावतात. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत असे रुग्ण आढळले आहेत. घाबरून जायचे कारण नाही, हा आजार फार क्वचित होतो. पण गरम कुंडात बुडी मारू नये, मुलांना सूर मारू देऊ नये आणि ते पाणी नाकात ओढू नये.

पिण्याबद्दल तर शंकाच ठेवू नये. झऱ्याच्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि अनेक ठिकाणी फ्लोराइडही. जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की दात डागाळतात, हाडे वाकतात. पाणी उकळून जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही.

कातडीचे रोग आणि झऱ्याचे पाणी

गरम पाण्याने सांध्यांना शेक बसतो, आखडलेले स्नायू सैल होतात. हा आराम खरा आहे. तो घरच्या बादलीतल्या गरम पाण्यानेही मिळतो. गंधकाचे मलम खरजेवर पूर्वीपासून वापरतात, हेही खरे. पण मलमात गंधकाचे प्रमाण मोजून घातलेले असते आणि ते रात्रभर अंगावर राहते. झऱ्यातले नाममात्र गंधक दहा मिनिटांच्या आंघोळीत ते काम करू शकत नाही.

खरूज झाली तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी डॉक्टरांचे औषध लावायला हवे आणि कपडे, अंथरूण गरम पाण्यात धुवायला हवे. एकट्याने उपचार घेतला तर आठ दिवसांत ती परत येते. गजकर्ण ही बुरशी आहे, तिला बुरशीचे औषध पूर्ण मुदतीपर्यंत लावावे लागते. मेडिकलमधून कोणतीही ट्यूब विचारून आणू नये. त्यात स्टिरॉइड असेल तर खाज दोन दिवस थांबते आणि गजकर्ण आतून पसरते.

सर्वांत महत्त्वाचे कुष्ठरोगाचे. फिक्कट, बधिर चट्टा घेऊन लोक कुंडे पालथी घालतात आणि मोलाची वर्षे घालवतात. कुष्ठरोग हा जिवाणूंमुळे होतो आणि तो पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो. उशीर झाला तर बोटांची हानी भरून येत नाही. चट्ट्यावर टाचणी टोचलेली कळत नसेल तर झऱ्याची वाट धरू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

मधुमेह असलेल्यांनी कुंडात पाय सोडण्याआधी विचार करावा. त्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असते. पाणी किती कढत आहे हे पायाला कळत नाही, फोड आल्यावर डोळ्यांना दिसते.

झऱ्यातल्या जिवाणूने दिलेली देणगी

झऱ्याने रोग जात नाहीत असे म्हणतानाच, झऱ्याने वैद्यकाला काय दिले तेही सांगितले पाहिजे. १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी एका गरम झऱ्यातून सुमारे ७० अंशांत वाढणारा जिवाणू मिळवला. १९६९ मध्ये त्याचे नाव ठेवले थर्मस ॲक्वॅटिकस. यातून पुढे औषधशास्त्राचे काही भले होईल, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते. एवढ्या उष्णतेत जीव राहतो कसा, एवढेच त्यांना समजून घ्यायचे होते.

१९८३ मध्ये कॅरी मलिस यांनी डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआर ही पद्धत सुचवली. एका पानाची झेरॉक्स काढली की दोन पाने होतात, त्या दोहोंची काढली की चार. तसेच हे. डीएनएचा गोफ सुमारे ९५ अंशांवर उकलायचा, मग थोडे निववून प्रत्येक धाग्याला जोडीदार तयार करायचा आणि पुन्हा तापवायचे. अशा तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. अडचण एकच होती. प्रत काढणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ९५ अंशांना अंड्यासारखे शिजून जाई आणि दर फेरीला नवे घालावे लागे. यलोस्टोनच्या जिवाणूचे विकर मात्र शिजत नाही. त्याला 'टॅक' म्हणतात. ते वापरायला सुरुवात झाली आणि पीसीआर यंत्रावर आपोआप चालू लागली. मलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जानेवारी २०२० मध्ये भारतातला पहिला कोरोना रुग्ण केरळात सापडला, त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला गेला तो याच पद्धतीने. नाकात काडी घालून घेतलेल्या आपल्या सर्वांच्या आरटी-पीसीआर चाचण्याही अशाच. आज सरकारी रुग्णालयात क्षयाच्या निदानासाठी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी करतात, तिचे तत्त्व हेच. क्षयाचे जंतू आहेत का आणि ते रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतील का, हे काही तासांत कळते. ही चाचणी मोफत आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर ती करून घ्यावी. झऱ्याच्या पाण्यात अंघोळ करून जे मिळत नाही, ते झऱ्यातल्या जिवाणूच्या अभ्यासाने असे मिळाले.

आपल्या गावचा उष्णताप्रेमी

सोमेश्वरनगरसारख्या ऊसपट्ट्यात या जिवाणूंची आणखी एक ओळख हवी. उसाचा रस काढल्यावर उरते ते चिपाड, म्हणजे बगॅस. ताजे बगॅस ओले असते, त्याचा त्रास नसतो. ते गठ्ठे बांधून किंवा ढीग मारून महिनोन्महिने राहिले की आतून तापते, आणि त्या उष्णतेत थर्मोॲक्टिनोमायसिस जातीचे उष्णताप्रेमी जिवाणू वाढतात. त्यातल्या एकाचे नावच उसाच्या साखरेवरून सॅकराय असे पडले आहे. पुढे ढीग सुकतो आणि या जिवाणूंच्या बीजाणूंनी भरलेली धूळ तयार होते. गठ्ठे फोडणाऱ्या, ढीग उपसणाऱ्या मजुराच्या छातीत ती जाते.

इथे जिवाणू शरीरात वाढत नाही, त्याला आपले शरीर थंडच. पण फुप्फुस त्या बीजाणूंना शत्रू समजून सुजते. या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. १९४१ साली अमेरिकेतल्या लुइझियाना या ऊसपट्ट्यातून त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले. काम करून चार-सहा तासांनी, म्हणजे घरी आल्यावर, थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप आणि अंगदुखी सुरू होते. काम बंद ठेवले की काही दिवसांत बरे वाटते, पुन्हा कामावर गेले की पुन्हा तेच. म्हणून लोक त्याला फ्लू समजतात, नाहीतर थेट क्षय. वर्षानुवर्षे असे चालले तर फुप्फुस कडक होते आणि मग ते पूर्ववत होत नाही.

उपाय अवघड नाहीत. बगॅस ओलसर ठेवावे, सुकी धूळ उडू देऊ नये, गठ्ठे फोडण्याआधी पाणी मारावे, नाकातोंडावर चांगला मास्क असावा. तोंडाला गुंडाळलेला पंचा ही बारीक धूळ अडवत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर आपण काय काम करतो ते आपणहून सांगावे. "बगॅसच्या ढिगावर काम करतो" हे एक वाक्य निदान बदलू शकते. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत बगॅसोसिसचे नाव पुढे घालण्यात आले. म्हणजे हा कामामुळे होणारा आजार आहे, हे कायद्याने मानलेले आहे. कंत्राटी मजुरांपर्यंत ही माहिती सहसा पोहोचत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याचीही आहे, हा विचार त्यांनी धोरणात आणला. तो हक्क मागताना संकोच करू नये.

तपोदा आणि चवदार तळे

गरम पाण्याचे झरे तथागतांच्या काळातही होते. राजगृहाजवळचा तपोदा हा असाच झरा, आजही तिथे गरम पाणी वाहते. विनयपिटकात त्याची एक हकीकत येते. राजा बिंबिसार डोके धुवायला तपोदावर आला, पण भिक्खू आंघोळ करत होते म्हणून तो थांबून राहिला. अंधार पडेपर्यंत भिक्खू पाण्यातच होते. राजाची आंघोळ होईपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. हे कळल्यावर भगवंतांनी भिक्खूंना पंधरवड्यातून एकदाच स्नान करण्याचा नियम घातला. पुढे उन्हाळा, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास, वादळ-पाऊस अशा वेळी त्यातून सूट दिली. या हकीकतीत पाप धुणे कुठेच नाही. पाणी अंग स्वच्छ करण्यासाठी आहे, ते सगळ्यांचे आहे आणि दुसऱ्याचाही विचार करून वापरायचे आहे, एवढेच त्यात आहे.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे बाटले म्हणून महाडच्या सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. शेण आणि गोमूत्र पिण्याच्या पाण्यात! ते पाणी तपासायला त्या दिवशी कोणी सूक्ष्मदर्शक आणला असता, तर तळे कशाने घाण झाले याचे उत्तर एका थेंबात मिळाले असते. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही आणि मंत्राने ते शुद्ध होत नाही. पाण्यात काय आहे ते तपासूनच कळते.

लक्षात ठेवण्यासारखे

झऱ्यावर गेलात तर वाहत्या पाण्यातच पाय सोडा, आधी हाताच्या कोपराने पाणी किती गरम आहे ते पाहा.

दहा-पंधरा मिनिटांहून जास्त बसू नका. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी कढत कुंडात उतरू नये.

डोके पाण्याखाली घालू नका. उघडी जखम, गजकर्ण, खरूज असेल तर कुंडात उतरू नका, आपल्यामुळे दुसऱ्याला होते.

घरी आल्यावर साबण लावून स्वच्छ पाण्याने आंघोळ करा.

झऱ्याचे पाणी पिऊ नका. घरचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि ओगराळ्याने घ्या.

बाटली भरून आणलेल्या त्या आजींचे गुडघे आता घरच्या गरम पाण्याच्या शेकाने बरे आहेत, असे परवा त्यांनीच सांगितले. नातवाला दवाखान्यातले मलम सुरू आहे, महिनाभर न चुकता लावायचे आहे. झऱ्याची बाटली त्यांनी गुलाबाच्या कुंडीत ओतली.